अर्धं झाकण

फवारणीच्या औषधांच्या खोलीच्या दारावर ताईने खडूने लिहून ठेवलं होतं:

शेवाळाचा अर्क: टाकीला दोन झाकणं.
वाढीचं हार्मोन: टाकीला अर्धं झाकण. जास्त नको!!

एवढं लिहूनही पुदिना गुडघ्याच्या वर गेला होता, फिकट आणि लुकडा. ताईने पान चुरगळून हुंगलं. ओल्या कागदाचा वास. आणि तेल काढणाऱ्या बाई तासाभरात येणार होत्या. त्यांच्या नाकाला पटलं, तरच त्या यंदाचा पुदिना घेणार.

"कोणतं झाकण घेतलंस?"

"झाकण म्हणजे झाकण," धाकटा भाऊ म्हणाला. "बाटलीचं सापडेना, म्हणून डब्याचं घेतलं."

"जेवणाच्या डब्याचं?"

"अर्धंच भरलं गं! आणि उंची तर बघ!"

"त्या काय उंचीचं तेल काढणार आहेत, शहाण्या?"

ताई तणतणत शेवटच्या वाफ्यांपर्यंत गेली. भिंतीलगतचे तीन वाफे बुटके राहिले होते, काळपट हिरवे. तिथलं पान चोळलं, तर वास थेट डोळ्यांत गेला.

"इथे का नाही मारलंस?"

"पाइप पुरला नाही. चिडू नकोस, उद्या लांब पाइप आणतो."

"खबरदार!"

तिने दारावरचं सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं:

बाईंना शेवटचे तीन वाफे दाखवायचे.
बाकीच्यांचं खरं काय ते सांगायचं.
पाइप आणायचा नाही.

भावाने ते बोट फिरवत वाचलं.

"अर्धासुद्धा नाही?"