साहेबांनी तपासले

खैरुननं सत्त्याण्णव सालची नोंदवही जमिनीवर आपटली, तशी तिच्यातून आधी धूळ निघाली, मग एक झुरळ निघालं आणि मग डॉक्टर निमकर निघाले. पानोपानी तेच होते. 'रात्री १.२०, सर्पदंश, साहेबांनी तपासले.' 'रात्री ३.००, बाळंतीण, अतिरक्तस्राव, साहेबांनी तपासले.' 'पहाटे ४.४५, मूल, आकडी, साहेबांनी तपासले.' एखादा माणूस खरोखरच इतक्या रात्री जागला असता, तर एव्हाना त्याच्या फोटोला हार पडला असता.

अक्षर सगळीकडे खैरुनचं होतं.

"सापडलं का काही?" रेकॉर्डच्या खोलीच्या दारातून उज्ज्वलानं विचारलं. उज्ज्वला रुग्णालयाची कारकून. खोडाळ्याकडच्या शेतकरी घरातली, आणि सरकारी कागदाला न घाबरणारी तालुक्यातली बहुधा एकमेव व्यक्ती.

"सापडतायत की. साहेबच सापडतायत."

"आणि तुझं नाव?"

"माझं नाव पगारपत्रकात."

जव्हार-मोखाडा रस्त्यावर, नाव सांगण्याइतकं गाव नसलेल्या एका ठिकाणी हे रुग्णालय होतं. कागदावर तीस खाटा, जागेवर बावीस. निमकर साहेब नाशिकहून अकराला यायचे आणि तीनला निघायचे. माणूस भला. हाताला गुण होता, फक्त रात्रीचे ते हात नाशिकला असायचे. आणि या डोंगरातली माणसं अशी अडाणी, की साप चावून घ्यायला, बाळंत व्हायला त्यांना रात्रच सापडायची. डॉक्टरांच्या हुकुमाशिवाय नर्सनं सुई टोचायची नाही, हा नियम. आणि टोचली नाही तर माणूस जातो, हाही नियमच. खैरुन ब्याण्णव साली नवी आली, तेव्हा जुन्या मेट्रन पुतळीबाईंनी दोन्ही नियमांची गाठ कशी मारायची ते शिकवलं होतं. "लिहिताना साहेबांना बोलवायचं, बाई. तसे ते पेट्रोलशिवाय येतात."

तेव्हापासून अकरा वर्षं साहेब पेट्रोलशिवाय येत होते.

आता मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात नोकरीतल्या नर्सेससाठी एक वर्षाचा अतिदक्षता परिचर्येचा अभ्यासक्रम निघाला होता. पगार चालू, राहायला हॉस्टेल. बाकीच्या वाटा खैरुननं केव्हाच तपासून पाहिल्या होत्या. पदवीचा दोन वर्षांचा कोर्स होता, पण तिथं जागा चार आणि चिठ्ठ्या चाळीस. खाजगी कॉलेजं होती, ती शिकवण्याआधी देणगीबद्दल विचारत. परदेशाचीही एक वाट होती. तिच्याबरोबर शिकलेली फिरदौस अमेरिकेला गेली होती, तिचं पत्र खैरुननं एकदा उज्ज्वलाला वाचून दाखवलं होतं. तिकडे म्हणे आणखी शिकलं की नर्सच पेशंट तपासते, नर्सच औषध लिहिते, वेळ पडली तर घशात नळीही नर्सच घालते.

"मग इथं वेगळं काय करतेस तू?" उज्ज्वलानं विचारलं होतं.

"तिकडे खाली स्वतःची सही करतात."

राहता राहिला हा एक वर्षाचा कोर्स. अर्ज उद्या अकराच्या आत ठाण्याच्या कार्यालयात पोचायला हवा होता; म्हणजे आज तीनची एसटी हवी होती. पुढच्या वर्षी खैरुन चाळिशी ओलांडणार होती, आणि चाळिशीपुढचं माणूस काही शिकेल यावर अर्ज छापणाऱ्याचा विश्वास नव्हता. जव्हारला शिलाईच्या दुकानात बसणारा तिचा नवरा इदरीस म्हणाला होता, "जा. पोरींना मी बघतो. शिकून काय पगार वाढणारे का, ते मात्र विचारू नकोस, मला माहितीये."

सगळा अर्ज भरून झाला होता. अडलं होतं अनुक्रमांक सातवर. 'तातडीच्या रुग्णाची स्वतंत्रपणे शुश्रूषा केल्याचा अनुभव. नोंदवहीतील नोंदीची प्रत जोडावी.'

अकरा वर्षांची नोंदवही सांगत होती की खैरुन शेख या बाईनं स्वतंत्रपणे कधी कापसाचा बोळासुद्धा उचललेला नाही.

"थांब," उज्ज्वला एकदम म्हणाली. "साहेबांच्या मुलीचं लग्न कधी झालं?"

"नव्व्याण्णव. मे महिना."

"त्याची रजा आहे माझ्याकडे. कागदावर घेतलेली त्यांची एकमेव रजा, मंजूर. रजेवर असलेला माणूस तपासेल कसा?"

ती धावत जाऊन रजेची फाइल घेऊन आली. 'मुलीच्या विवाहानिमित्त, दि. ७ ते ११ मे.' खाली साहेबांची सही, वर जिल्ह्याचा शिक्का. खैरुननं नव्व्याण्णवची नोंदवही ओढली. सात, आठला रात्रपाळी दुसऱ्या नर्सची. नऊ मे. सगळा स्टाफ लग्नाला नाशिकला गेलेला, आणि रात्रपाळीला ती एकटी.

'रात्री १.५०. गोकुळ, वय १० महिने. जुलाब, ग्लानी. साहेबांनी तपासले. सलाईन चालू.'

उज्ज्वलानं कपाळावर हात मारला. "अगं, तो माणूस तेव्हा मांडवात विहिणीचा रुसवा काढत होता! तेव्हा तरी स्वतःचं नाव लिहायचंस."

"हाताला सवय होती."

"असू दे. उलट बरंच झालं. ही नोंद आणि ही रजा शेजारी शेजारी ठेवली की आंधळ्यालासुद्धा कळेल, केलं कोणी ते." उज्ज्वलाचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. शेवटच्या रकान्यात एक ओळ होती. 'पहाटे ४.१०. मृत्यू.'

खैरुननं ती वाचली नाही. तिला ती पाठ होती.

साहेब डबा उघडून बसले होते.

"या, सिस्टर. थालीपीठ घ्या."

खैरुननं नोंदवही आणि रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. साहेबांनी आधी अर्ज पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, हे कुठून काढलंत? लग्न छान झालं होतं, नाही?"

"मी नव्हते, साहेब. ड्यूटी होती."

"हो हो. लाडू पाठवले होते तुम्हाला."

"पोचले होते."

मग साहेबांनी नोंदवही वाचली. पुन्हा रजा वाचली. डब्याचं झाकण हळूच लावलं.

"हे आपण कोणाकोणाला दाखवलंत, सिस्टर?"

अकरा वर्षांत साहेबांनी तिला पहिल्यांदाच 'आपण' म्हटलं.

"दाखवायचं कोणाला? अर्जाला जोडायचंय. सात नंबरला."

"जोडायचंय," साहेब म्हणाले. त्यांनी रुमाल काढला. "हे बघा, तुम्ही जावं असं मलाही वाटतं. मनापासून वाटतं. पण हे मूल गेलंय हो. अनुभव म्हणून गेलेलं मूल कोण जोडतं? नापासाचं गुणपत्रक लावून कोणी नोकरी मागतं का?"

"माझ्या नावावर दुसरी रात्रच नाही, साहेब."

"मग करू की!" साहेबांचा जीव भांड्यात पडला. "त्यात काय? चालू नोंदवहीत मागच्या महिन्यातलं अर्धं पान कोरं आहे. एक चांगली रात्र लिहा. मी रजेवर होतो असं दाखवू, उज्ज्वला रजा टाकेल. मूल आलं, तुम्ही स्वतंत्रपणे उपचार केले, मूल वाचलं. हवं तर दोन वाचवा. मी लगेच खरी प्रत म्हणून सही करतो, आणि तुम्हाला सोडायला हरकत नाही, तेही लिहून देतो."

साहेबांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"खोटं असं काय आहे त्यात, सिस्टर? तुम्ही वाचवलीच आहेत की मुलं. मला काय माहीत नाही?"

हे मात्र त्यांनी खरोखर मायेनं म्हटलं. आणि ते खरंही होतं.

व्हरांड्यातल्या बाकावर चालू नोंदवही मांडीवर घेऊन खैरुन बसली. दोन वाजायला आले होते. तिनं तारीख घातली. वेळ घातली. 'मूल, वय' लिहिलं आणि पेन थबकलं. वाचलेल्या पोरांची नावं कमी नव्हती. पोशेऱ्याची लाडकी होती, आता शाळेत जात होती. नवशीची जुळी होती. कोणाचंही नाव चाललं असतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोंडी म्हातारी बसली होती. बाजाराच्या दिवशी ती खोकल्याचं औषध न्यायला यायची आणि औषध मिळाल्यावरही तासभर बसायची.

"बाय, कोठं चाललीस? पिशवी भरलीस ती."

"ठाण्याला, आजी. शिकायला जायचा अर्ज द्यायचाय."

"आजून काय शिकाचं ऱ्हायलं तुला?"

खैरुन नोंदवहीकडे बघत राहिली. कोंडी गोकुळची आजी; राहिलेलं काय, ते खैरुननं तिला कधी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी जिल्ह्याला दोन तासांचं शिबिर होतं. तिथं एक बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की उपाशी मुलाचं काळीज थकलेलं असतं. इतर मुलांसारखं सलाईन त्याला भराभर सोडलं, तर पाणीच त्याला बुडवतं. मग चहाची वेळ झाली होती. खैरुननं कपाच्या रांगेत त्यांना गाठून विचारलं होतं, मग मिनिटाला थेंब किती? बाई म्हणाल्या होत्या, "ते सगळं पूर्ण कोर्समध्ये असतं."

तेव्हापासून तिनं साहेबांनाही दोनदा विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, "सिस्टर, त्याचं आयुष्य तेवढंच होतं." खैरुनला आयुष्य विचारायचं नव्हतं. थेंब विचारायचे होते.

"आजी," ती म्हणाली, "तुमचा गोकुळ गेला त्या रात्री... मी सलाईन लावलं, ते जोरात पडत होतं का हळू? आठवतं का काही?"

कोंडीनं तिच्याकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"मना काय कळं त्यातला? पोर लाकडागत झालता. तू शीर शोधलीस, तवा म्या म्हनलं, आता वाचला. तू मग म्हनालीस, सायबांनी पायला, सायबांनी सांगला. म्या सूनंला इचारलं, कोन गं सायेब? आपल्याला तं एकबी दिसला नाय."

खैरुननं कोऱ्या पानावरची ओळ खोडली. एक रेघ, मग तिच्यावर दुसरी.

वीज सकाळपासून गेलेली होती, त्यामुळे झेरॉक्सचा प्रश्न नव्हता. तिनं उज्ज्वलाच्या टेबलावर बसून नऊ मेची नोंद जशीच्या तशी उतरवून काढली. शेवटचा रकानासुद्धा. मग खाली लिहिलं: 'वरील नोंद माझ्या अक्षरात आहे. साहेब रजेवर होते. तपासले मी. सलाईन मी लावले. थेंबांची नोंद नाही.' आणि सही केली. हजेरीपटाबाहेर तिला सहीची सवय नव्हती.

उज्ज्वलानं उभ्या उभ्या वाचलं.

"साहेब यावर सही करणार नाहीत."

"माहितीये. आगाऊ प्रत म्हणून थेट नेते, तिला साहेबांची सही लागत नाही."

"आगाऊ प्रत घेतील. पण खैरुनताई, हे कोणी नीट वाचलं ना, तर एकच नाही, अकरा वर्षांच्या वह्या मागवतील. आणि अक्षर साहेबांचं नाहीये."

"नाहीच आहे."

"कोर्स राहील बाजूला. नोकरी जाईल."

खैरुन अर्जाच्या पानांना टाचणी लावत होती आणि टाचणी वाकडी होत होती. उज्ज्वलानं तिच्या हातातून कागद घेतले, स्वतः टाचणी लावली, आणि जावक रजिस्टर उघडलं. जावक क्रमांक पडला की सरकारी कागद जन्माला येतो. मग त्याला मारणं साहेबांनाही जमत नाही. ती क्षणभर रजिस्टरवर हात ठेवून बसली. मग तिनं क्रमांक घातला आणि गोल शिक्का इतक्या जोरात मारला की शाईची डबी हलली.

आतून साहेबांचा आवाज आला, "सिस्टर, झाली का रात्र लिहून?"

"झाली, साहेब," उज्ज्वलानं ओरडून सांगितलं.

बाहेर एसटी घाट उतरत असल्याचा आवाज येऊ लागला. उज्ज्वलानं अर्ज पाकिटात घालण्याआधी सवयीनं उलटून पाहिला.

"अगं, हे मागचं राहिलंय. 'हे प्रशिक्षण का घ्यावयाचे आहे? थोडक्यात लिहावे.'"

ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या. खैरुननं पिशवी खांद्यावरून न काढताच वाकून लिहिलं, 'अनुक्रमांक सात पाहावा,' आणि दुसरी ओळ कोरी सोडली.