कोरा चेहरा

सकाळी नेहमीप्रमाणे तिने आधी कार्यशाळेच्या खिडक्या उघडल्या, साच्यातलं रबर बोटाने दाबून पाहिलं, कडेने पावडर भुरभुरली आणि मुखवटा अलगद सोलून काढला. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. नुसता राखाडी, गुळगुळीत गोटा. दिसण्यापुरती सुईएवढी छिद्रं आणि श्वासासाठी मानेमागे चार भोकं. इतकी वर्षं ती चित्रपटांसाठी परग्रहवासी घडवत आली होती, आणि दरवेळी माणसाचंच तोंड हिरवं रंगवून द्यावं लागे. यंदा प्रथमच दिग्दर्शकाने तिचं ऐकलं होतं.

"वहिनी, इतकं राबून माझं थोबाड दिसणारच नाही का?" मुखवट्यात डोकं घालताना तिचा दीर म्हणाला. अंगाने काटकुळा, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं होतं.

"म्हणूनच तर भावजी, जाऊबाई तुमचा सिनेमा शेवटपर्यंत बघतील!"

आतून हसू ऐकू आलं. दिसलं नाही.

चित्रीकरण सुरू झालं. तो परका जीव दोन पावलं चालला, थबकला, गुडघ्यांवर आला. हात मानेकडे गेले, मग जमिनीवर आपटू लागले.

"वा! कुणी हलू नका," दिग्दर्शक कुजबुजला.

तीही भान हरपून पाहत होती. आपल्या हातच्या वस्तूत प्राण आले, असं तिला वाटत होतं. तेवढ्यात जमीन ओरबाडताना हातमोजा फाटला आणि एक बोट बाहेर आलं. नख निळं पडलं होतं.

धावत जाऊन तिने कात्रीने रबर उभं फाडलं. पोशाखाची कॉलर वर सरकून चारही भोकं बुजली होती. आत काळवंडलेला चेहरा, सताड उघडं तोंड.

बऱ्याच वेळाने दीर बोलू शकला. "वहिनी, मी ओरडत होतो."

त्याला दवाखान्यात नेल्यावर दिग्दर्शक चाचरत म्हणाला, "दुसरा मुखवटा आहे ना? भोकं तेवढी मोठी करा. चेहरा मात्र नको."

कार्यशाळेत येऊन तिने दुसरा मुखवटा मांडीवर घेतला. पात्याने दोन डोळे कापले. मग तोंड कापलं, आतली हाक बाहेर यावी इतकं रुंद. मुखवटा खुंटीला अडकवून तिने हातोडी उचलली, प्लास्टरचा कोरा साचा फोडला आणि तुकडे झाडून गोळा केले.