गाडी आतून धुताना

आत्याने जाताना मला एवढंच सांगितलं होतं, की गाडी धुवून ठेव, चार वाजता दातांचे डॉक्टर येणार आहेत.

दातांचे डॉक्टर गाडी न्यायला येणार होते. त्यांच्याकडे अशा जुन्या सहा गाड्या आहेत, एका लांबलचक हॉलमध्ये ओळीने उभ्या, आणि दर रविवारी ते त्यांना मऊ फडक्याने पुसतात. चालवत नाहीत, नुसतं पुसतात. आत्याची गाडी सातवी होणार होती.

ही गाडी माझ्या बाबांपेक्षा वयाने मोठी आहे. आत्याने ती बाविसाव्या वर्षी सेकंडहँड घेतली आणि त्या दिवसापासून तिला ‘बाईसाहेब’ म्हणायला लागली, कारण गाडी सकाळी कधीच एका हाकेत उठत नाही. आत्या पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेते, शिवते आणि स्वतः नेऊन टांगून येते. अडतीस वर्षं सगळे पडदे बाईसाहेबांच्या मागच्या सीटवरून गेले. अजूनही दार उघडलं की कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येतो.

बाईसाहेबांचा हीटर अकरा वर्षं बंद आहे. तीन मेकॅनिकनी तो बघितला, तिघांनीही मान हलवली. आतला भाग आता मिळत नाही म्हणाले. आत्या हातमोज्यांवर हातमोजे चढवून गाडी चालवायची. पण तिच्या बोटांना ते दुखणं आहे ना, गारठा लागला की रक्तच माघारी फिरतं. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होतात आणि त्यांना काही कळेनासं होतं. गेल्या मंगळवारी वळणावर त्या बोटांनी स्टिअरिंग सोडलं. गाडी फुटपाथवर चढली. दिव्याचा खांब वीतभर लांब राहिला. नशीब, फुटपाथवर कुणी नव्हतं. आत्याने त्याच संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांना फोन करून गाडी न्यायला सांगितलं.

बाबा म्हणाले, “ताई, अगं नवी घे, हीटरवाली.”

“बस आहे की,” आत्या म्हणाली. म्हणजे आता ती कुठलीच गाडी चालवणार नव्हती. आणि आज ती पडद्यांचं गाठोडं छातीशी धरून बसनेच गेली. सवय व्हायला हवी म्हणाली.

तर माझ्याकडे किल्ली होती, बादली होती आणि साडेनऊ ते चार एवढा वेळ होता. आता माझ्याबद्दल एक गोष्ट. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज घशात अडकायचा. मग एक दिवस फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर काढलेलं सर्किट चुकलंय असं मी उभं राहून सांगितलं. सरांनी बोटाने सर्किट पुन्हा गिरवून बघितलं आणि म्हणाले, “बरोबर बोलतेस.” तेव्हापासून मला जो कंठ फुटलाय तो मिटत नाही. घरचे कंटाळलेत.

मी बॉनेट उघडलं आणि तळमजल्यावर राहणाऱ्या नळवाल्या काकांना हाक मारली. काकांनी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचे नळ जोडलेत. ते पायात सपाता घालूनच बाहेर आले.

“तुला धुवायला सांगितलंय ना?”

“आतून धुवायचीये, काका.”

“मी नळाचा माणूस. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही.”

“अहो, पाण्याचंच काम आहे.” मी बुधवारपासून गाडीच्या हीटरशिवाय दुसरं काही वाचलंच नव्हतं. “इंजिन तापतं. त्याला गार ठेवायला पाणी फिरतं. तेच तापलेलं पाणी या नळीतून आत जातं, डॅशबोर्डखाली एक छोटा रेडिएटर असतो त्यात फिरतं, आणि या दुसऱ्या नळीने परत येतं. वर पंखा. संपलं.”

“म्हणजे हीटर स्वतः काही तापवत नाही?”

“नाही. इंजिनाला नकोशी झालेली उष्णता आपल्याला देतो.”

काका इंजिनावर वाकले. “म्हणजे तुझी आत्या अकरा वर्षं पेटत्या चुलीशेजारी बसून कुडकुडतीये.”

मी एवढं वाचलं होतं, पण हे मला दिसलंच नव्हतं. मी वाकून मोजलं. इंजिन आणि आत्याचे गुडघे, मधे एक पत्रा आणि हातभर अंतर. एवढ्याशा अंतरात एवढी आग, आणि ती कुणाच्या लक्षातही नाही.

काकांची शिस्त अशी, की पाना हातात घ्यायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं आणि ते बंद करायचं. इंजिनावर, नळी जिथून निघते तिथेच, एक पितळी कॉक होता. “दांडा आडवा, म्हणजे हा तर आधीच बंद आहे,” म्हणत त्यांनी नळीची क्लिप सोडवली, आणि भस्सकन कूलंटचं हिरवं पाणी त्यांच्या बाहीत शिरलं.

“बंद असून?” मी विचारलं.

“वायसर मेलं असेल. म्हातारा कॉक. माणसांचंही असंच होतं, हसतेस काय.”

मग मी पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरले. चार नट होते. तीन निघाले. चौथ्याने मला पाऊण तास तिथेच पाडून ठेवलं. निघाला तेव्हा पत्र्याची अख्खी पेटी माझ्या पोटावर आली. आत्याच्या अस्तराच्या कापडावर आम्ही ती उघडली, आणि आत तो होता. छोटा रेडिएटर, वहीएवढा. वरचं धुळीचं जाजम मी ब्रशने काढलं आणि तो उजेडाकडे धरला.

काका म्हणाले, “बापरे.”

पितळेच्या चपट्या नळ्या, कागदाच्या घडीइतक्या बारीक, आणि दोन नळ्यांच्या मधे तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या चुण्या. शेकडो. मधाच्या पोळ्यासारखं, पण पोळ्याहून नेटकं. आत्या पडद्याला चुण्या घालते ना, तशाच, सगळ्या सारख्या, आणि प्रत्येक चुणीतून उजेडाचा एक ठिपका येत होता. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी हे एवढं निगुतीने बनवलं होतं आणि एका काळ्या पेटीत बंद करून टाकलं होतं, जिथे ते कुणाला कधी दिसणारच नव्हतं. मला ते खाली ठेववेना.

काकांनी एका तोंडाने फुंकून बघितलं. गाल फुगले, कान लाल झाले, पलीकडून काही नाही.

“चोंदलंय. माझ्या मेव्हण्यासारखं. कितीही फुंका, आरपार काही जात नाही.”

“पण फुटलेलं नाहीये?”

“कुठेही नाही. तिघांनी उघडलंच नसणार हे. नुसत्या माना हलवल्या.”

आम्ही बागेतला पाइप लावला. आधी काही नाही. मग काळं पाणी, मग काढ्यासारखं, मग गंजाचा एक लगदाच ठप्पकन बाहेर पडला. काकांनी घरून लिंबूसत्त्व आणलं, गरम पाण्यात विरघळवलं आणि रेडिएटर त्यात बुडवून ठेवला. गीझरच्या नळ्यांतला क्षार ते असाच काढतात. तो फसफसायला लागला. दीड वाजता आत्याचा फोन आला तेव्हा तो बादलीतच होता आणि बाईसाहेबांचे निम्मे स्क्रू अस्तरावर पसरलेले होते.

“धुतलीस का गं?”

“चालूये.”

“आतूनही पुसून घे.”

“आतूनच चाललंय, आत्या.”

“पुढच्या कप्प्यात माझी मोजपट्टी आणि टाचण्यांची डबी असेल. काढून ठेव. त्यांना कशाला टाचण्या.”

मी फोन ठेवला आणि काकांना म्हटलं, जरा भरभर आवरूया.

तीन वाजता काकांनी पुन्हा फुंकलं तेव्हा दुसऱ्या तोंडातून सरळ माझ्या कपाळावर वारा आला. सव्वातीनला पेटी जागेवर बसली. काकांनी नळ्या जोडल्या, क्लिपा आवळल्या, कॉक उघडला, मी नवं हिरवं पाणी भरलं. साडेतीनला आत्या बसस्टॉपवरून चालत आली, हात काखेत खुपसून. तिने आधी आमचे कपडे बघितले, मग गाडी.

“ही धुतलीये?”

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ती अस्तराच्या कापडाची घडी घालायला लागली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात टॅक्सीतून दातांचे डॉक्टर उतरले, वेळेआधीच, गळ्यात मफलर आणि हातात पिवळं फडकं.

“इंजिनाचा आवाज ऐकवता का, बाई?”

आत्या गाडीत बसली. बाईसाहेब तिसऱ्या हाकेला उठल्या. मी शेजारी बसून पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला. आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा. इंजिन तापल्याचा काटा वर गेला, आणि हीटरमधून बर्फासारखा वारा येत राहिला.

“असू दे गं,” आत्या म्हणाली. “एवढं केलंस.” तिने हातमोजे काढून किल्लीच्या जुडग्यातून घराची किल्ली सोडवायला घेतली. बोटं पांढरी होती. कडी तिला उघडेना.

मी खाली उतरले. काका बॉनेटजवळ मान खाली घालून उभे होते. रेडिएटर साफ होता, पाणी होतं, काटा वर होता, तर मग ती उष्णता कुठेतरी असायलाच हवी होती. मी कॉकवर बोट टेकवलं. चटका बसला. त्याच्या पलीकडच्या नळीवर टेकवलं. गार. दोन बोटांचं अंतर.

“काका, कॉक बंद आहे.”

“उघडा आहे. दांडा नळीच्या रेषेत म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. आमची बाराखडी आहे ती.”

“मग सकाळी दांडा आडवा होता तेव्हा तुमच्या बाहीत पाणी कुठून आलं?”

काकांनी ओल्या बाहीकडे बघितलं. “चाळीस वर्षं नळ जोडतोय मी,” ते हळूच म्हणाले. “पण हा नळवाल्याने बनवलेला नाही. फिरव.”

मी फडक्याने धरून दांडा आडवा केला. आत कुठेतरी गुळगुळ झालं. मी नळीवर हात ठेवला. गार, गार, आणि मग कॉकपाशी कोमट. मग त्याच्या पुढे. ती ऊब माझ्या तळव्याखालून सरकत निघाली, कुणी अंधारात भिंत चाचपत घरात शिरावं तशी, आणि पत्र्यापलीकडे गेली.

आतून आत्याचा आवाज आला. “अगं.” मग पुन्हा, अगदी बारीक, “अगं, हे बघ.”

हीटरमधून आधी धूळ आली, मग तापल्या धुळीचा वास, मग खळीचा, आणि मग नुसती ऊब. आत्याने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले होते. आम्ही तिघं दारातून वाकून बघत होतो, डॉक्टरसुद्धा. बोटं पांढरी होती ती निळसर झाली. “दुखतंय,” ती म्हणाली, पण हात मागे घेतले नाहीत. मग नखांच्या मुळाशी एक गुलाबी रेघ आली, आणि ती रेघ एकेका बोटात चढत गेली, अगदी नळीतल्या उबेसारखीच. मी कधी रक्त परत येताना बघितलं नव्हतं. आत्याने अंगठा प्रत्येक बोटाला लावून बघितला, करंगळीपर्यंत, आणि परत.

डॉक्टरांनी पिवळं फडकं खिशात कोंबलं आणि स्वतःचा हात पुढे केला. “माझ्या सहाही गाड्यांत हे चालत नाही,” ते म्हणाले.

“डॉक्टर,” आत्या म्हणाली, “टॅक्सी सोडलीत का?”

“हो. जाताना ही घेऊन जायची, म्हणून.”

“मग बसा. सोडते तुम्हाला.”

डॉक्टर हसले. मग मफलर सोडत पुढच्या सीटवर बसले. “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले, आणि दोन्ही पाय हीटरजवळ सरकवले.

काका आणि मी मागे बसलो. पाच जणांच्या जागेत चौघं, आणि काकांची ओली बाही. काच आमच्या श्वासांनी पांढरी झाली होती. आत्याने एक खटका ओढला, ऊब काचेवर वळली, आणि खालून दोन अर्धगोल उघडत गेले. त्यातून आधी बॉनेट दिसलं, मग रस्ता, मग समोरची घरं.

आत्याने उघडे हात स्टिअरिंगवर ठेवले आणि गियर टाकला. “सांगा डॉक्टर,” ती म्हणाली, “कोपऱ्यावर डावीकडे की उजवीकडे?”