बोलक्या दगडाची लाज

मी एक जुना दगड आहे, असं मला पाहणाऱ्यांना वाटतं. मित्रांनो, खोटं इथूनच सुरू होतं. मी दगड नाही. मी फायबरचा पोकळ डबा आहे. वरून करडा रंग, शेवाळ वाटावं म्हणून मारलेले हिरवे शिंतोडे आणि पोटात एक स्पीकर.

कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही साठ भावंडं निघालो. सगळ्यांना एकाच जागी एकसारखा तडा. तिथून आम्हाला एका मोठ्या करमणूक बागेत आणलं. बागेत जंगलसफर नावाचा नवा खेळ उभा राहिला होता. लोक होडीत बसायचे आणि होडी सिमेंटच्या नदीतून गोल फिरून यायची. त्या जागी आधी खरी झाडी होती. ती तोडून तिथे सिमेंटची झाडं उभी केली होती, कारण खऱ्या झाडांची पानं पाण्यात पडतात आणि पंप तुंबतो. झाडी गेली तशी पाखरंही गेली. मग बागेच्या साहेबांच्या लक्षात आलं की हे जंगल फारच मुकं आहे. म्हणून आम्हाला बोलावलं.

खरं हिरवं असं तिथे एकच उरलं होतं. जनरेटरची खोली दिसू नये म्हणून काटेरी झुडपांची एक रांग ठेवली होती. तिची निगा माळीबुवा राखायचे. त्या झुडपात बुलबुलाची एक जोडी राहत होती. झाडी होती तेव्हा अशा कितीतरी जोड्या होत्या, असं माळीबुवा सांगायचे. आता एवढीच. रोज सकाळी आल्यावर ते आधी तिच्याकडे बघत आणि मगच नळी उचलत. मला त्याच झुडपाच्या पायाशी बसवलं होतं.

आम्हा दगडांची तारजोडणी ज्या वायरमनकडे होती, तो माळीबुवांचा जावई. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माणूस हौशी होता. कारखान्यातून आमच्यासोबत आलेले आवाज ऐकून साहेब म्हणाले होते, "हे पक्षी आहेत की बेडूक?" ते जावयाच्या मनाला लागलं. तो मोबाइल घेऊन झुडपापाशी गेला, घरट्याखाली उभा राहिला आणि बुलबुलाचा आवाज टिपून आणला. तो आवाज आम्हा साठांच्या पोटात भरला.

"मामा, काय गळा आहे त्याचा," तो सासऱ्यांना म्हणाला. "मी गेलो की लगेच सुरू होतो. ओळखतो मला."

"हो, ओळखतो खरा," माळीबुवा म्हणाले आणि खाली बसून गवत उपटू लागले.

त्यांना माहीत होतं. ते गाणं नव्हतं. घरट्याजवळ परका आला की बुलबुल असा ओरडतो. पण नव्या जावयाला तोंडावर कसं सांगायचं? झाडलोट करणाऱ्या मावशींपाशी मात्र ते बोलले. "साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली त्यांची. लेक खुशीत आहे. आता मी काय सांगू, पाखरू तुम्हाला शिव्या देतंय म्हणून?"

"मग पाखरालाच सांगा," मावशी म्हणाल्या. "म्हणावं, जरा नीट बोल, जावई आलेत."

दोघं पोटभर हसले. आणि विषय तिथेच राहिला.

मित्रांनो, मी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, दर मिनिटाला ओरडत होतो. लोक होडी हळू करायला सांगायचे. "किती गोड," म्हणायचे. मीही फुगलो होतो. मला वाटायचं, मी गातो.

तेव्हा घरट्यात तीन अंडी होती. माझा आवाज झाला की मादी घाबरून उडायची, मग परत येऊन बसायची, पुन्हा उडायची. माळीबुवांचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "जावईबापू, हा एवढा एक दगड थोडे दिवस गप्प ठेवला तर?"

"का मामा? आवाज फाटतोय का?"

"छे, फाटत कसला."

"मग?"

"तसं काही नाही. आपलं विचारलं."

पुढे मादी उडेनाशी झाली. माझा आवाज आला तरी ती बसून राहायची. जावई म्हणाला, "बघा मामा, सवय झाली तिला." माळीबुवांनाही सुटल्यासारखं वाटलं. आता बोलायची गरजच उरली नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. मीही तेच धरलं.

अंडी फुटली. तीन पिल्लं आली. आईबाप तसे ओरडले की पिल्लांनी चोच मिटायची आणि घरट्याच्या तळाशी चिकटून राहायचं. घरट्यात शिकायचा पहिला धडा हाच. पण या पिल्लांनी जन्मल्यापासून ती ओरड दर मिनिटाला ऐकली होती आणि एकदाही काही घडलं नव्हतं. त्यांच्यासाठी तिला काही अर्थच उरला नाही. तो अर्थ मी संपवला.

एका दुपारी जनरेटरच्या खोलीमागून मांजर आलं. नर आणि मादी दोघंही जिवाच्या आकांताने ओरडू लागली. खाली मीही ओरडत होतो, तोच शब्द, त्याच गळ्यातून चोरलेला. पिल्लं चोची उघडून चिवचिवत राहिली. त्यांच्या आवाजावरून मांजराला जागा कळली. समोरून एक होडी जात होती. त्यातल्या बाईंनी मोबाइल वर धरला आणि म्हणाल्या, "आज तर किती पक्षी गातायत बघा."

माळीबुवा दहा पावलांवर पाणी घालत होते. त्यांनीही ऐकलं. पण मागे वळून पाहिलं नाही. त्यांना वाटलं, मीच ओरडतोय.

नळी गुंडाळायला आले तेव्हा त्यांना रिकामं घरटं दिसलं. ते तिथेच खाली बसले. जावई कामासाठी आला, तर हे उठेनात.

"मामा, बरं नाही का?"

त्या दिवशी ते पहिल्यांदा सरळ बोलले. "ते गाणं नव्हतं, जावईबापू. तुम्ही घरट्याखाली उभे होता, म्हणून ते ओरडत होतं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसलो."

जावयाने फांदी बाजूला करून रिकामं घरटं पाहिलं. मग म्हणाला, "मामा, लेकीच्या नवऱ्याला एवढं जपायचं नसतं हो. एक शब्द बोलायचा होतात."

त्याने मला उलटं केलं आणि पोटातली तार ओढून काढली. साहेबांकडे जाऊन आपली चूक सांगितली. साहेबांनी झुडपाजवळचे चार दगड काढायला परवानगी दिली. बाकीचे छप्पन्न अजून ओरडतात. बुलबुलाची जोडी पुढच्या वर्षी आली नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. माळीबुवा रोज सकाळी झुडपाकडे बघतात आणि नळी उचलतात.

मी आता जनरेटरच्या खोलीमागे अडगळीत पडलो आहे. रंग उडालाय. खरा दगड झिजून झिजून कधीतरी माती होतो. लाकूड कुजून खत होतं. माझं तसं काही होणार नाही. मी असाच राहीन आणि मला त्याची लाज वाटते.

मित्रांनो, तुम्ही बागेत जाल, होडीत बसाल. जरूर बसा, हसा. माझं एवढंच मागणं आहे. झुडपातलं एखादं पाखरू तुम्हाला पाहून जोरजोरात बोलू लागलं, तर कौतुकाने तिथे उभे राहू नका. दोन पावलं मागे सरका. आणि ते गप्प झालं, तर समजा, त्याने तुमचे आभार मानले.