समाधानी माणसाचा रक्तदाब

सिस्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, दोनदा फुगवून पाहिला आणि त्याला आकडा न सांगताच उठून संचालकबाईंच्या खोलीत आल्या.

"मॅडम, परवा वारले ते आलेत."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण वारले?"

"आपले समाधानी. त्यांच्या बायकोचा फोन नव्हता का आला, 'हे गेले, आता पत्रं पाठवू नका' म्हणून? नावावर काटसुद्धा मारली आपण. ते बाहेर बसलेत. वरचा एकशे ऐंशी."

"गेलेल्या माणसाला इतका रक्तदाब?"

"तेच म्हणते मी!"

देशभरातले काही हजार पुरुष निवडायचे, दर दोन वर्षांनी त्यांचं वजन, रक्त, झोप, काळजी मोजायची आणि ते मरेपर्यंत मोजत राहायचं, असा हा अभ्यास. बाई तो अठरा वर्षं चालवत होत्या. पुरुषाची जात मुलखाची घुमी. काय होतंय विचारलं तर 'काही नाही' म्हणणार आणि आडवा पडल्यावर तोंड उघडणार. म्हणून तर हा खटाटोप. बाई स्वतः कुणाला भेटत नसत. भेटलं की माया लागते आणि माया लागली की आकडे वाकतात, असा त्यांचाच नियम.

पण या एका माणसावर त्यांचा जीव होता; 'समाधानी' हे नाव त्यांनीच पाडलेलं. प्रश्नांच्या पुस्तिकेत गडी सुखी म्हणजे सुखी. झोप गाढ, काळजी नाही, आयुष्याला दहापैकी नऊ गुण. आणि रक्तदाब मात्र दर फेरीला जिना चढतोय. पुरुषाच्या तोंडाची आणि शरीराची एकमेकांशी बोलाचाली नसते, हा बाईंचा गाजलेला सिद्धांत. बाकीचे आकडे होय-नाही करत होते. हा एकटा ठणठणीत साक्षीदार. पुढच्या आठवड्यात छापायला जाणाऱ्या अहवालाचं पहिलं प्रकरण त्याच्यावरच होतं.

नियम गुंडाळून ठेवून बाई सिस्टरांबरोबर बाहेर गेल्या.

साठीचा माणूस. शर्टाला कडक इस्त्री, एक बाही वर सारलेली. मांडीवर पुस्तिका, आणि तिच्याखाली एक गुडघा सारखा हलतोय.

"तुम्ही... बरे आहात ना?" बाईंनी विचारलं.

"मी आहे. दादा गेला."

"पण मग इथे कोण यायचं?"

"मीच. दादाच्या नावाने."

"तरीच!" सिस्टर म्हणाल्या. "पुढची तारीख दिली की 'दादाला विचारून सांगतो' म्हणायचे. मला वाटायचं, यांनाही कुणी थोरला आहे."

त्याने मान खाली घातली. "दादा सुईला भ्यायचा. आणि देशाने निवडलंय तर नाही कसं म्हणायचं, हेही होतं. मला म्हणाला, धाकट्या, रक्त काय, आपलं एकच. तू देऊन ये."

"आणि उत्तरं?"

"उत्तरं त्याचीच हो!" तो दुखावलाच. "खोटं कशाला लिहीन? पुस्तिका पोस्टाने आली की तो मला बोलवायचा. गच्चीवर बसायचो दोघं. मी वाचायचो, तो सांगायचा. एरवी आमचं बोलणं म्हणजे 'जेवलास?' 'जेवलो.'"

बाई खुर्चीत टेकल्या. रक्त याचं, मन त्याचं. मग अठरा वर्षं मोजला तो कोण? आणि वारला तो कोण? तोंडाची आणि शरीराची बोलाचाली नव्हती, कारण दोघं वेगवेगळ्या घरांत राहत होते.

"पण रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांना दाखवा, अशी पत्रं पाठवत होतो आम्ही."

"ती दादाच्या पत्त्यावर. वहिनीने त्याचं मीठ बंद केलं." तो पहिल्यांदा हसला. "वर्षानुवर्षं अळणी जेवला. खरं सांगितलं असतं तर बिंग फुटलं असतं ना."

"आणि तुम्ही?"

"दादा म्हणायचा, दाखव. मी म्हणायचो, बघू." हसू ओसरलं. "त्याच्याकडे जेवायला बसलो की वहिनी माझ्या ताटात मीठ वाढायची. तो नुसता बघायचा."

"कशाने गेले?"

"झोपेत. झोप चांगलीच होती त्याची."

सिस्टरांनी उगाचच पट्ट्याची नळी गुंडाळली.

"मग आज कसे आलात?" बाईंनी विचारलं.

"तारीख होती." त्याने पुस्तिका पुढे केली. "कोरी आहे. परत द्यावी म्हटलं. आणि..." गुडघा पुन्हा हलायला लागला. "काही नाही."

पुस्तिका ठेवून घ्यायची, फेऱ्या रद्द करायच्या, पहिलं प्रकरण फाडायचं. बाईंना हे सगळं दिसत होतं आणि यातलं आधी काय करावं हे कळत नव्हतं. त्यांनी सिस्टरांना शेजारच्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. मग खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि पहिलं पान उघडलं.

"गेल्या महिन्यात तुम्हाला एकटं वाटलं का?"

गुडघा थांबला. त्याने बाही खाली घेतली, गुंडी लावली, परत काढली.

"हे ना... दादाला विचारून सांगतो."

आणि तोंड तसंच उघडं ठेवून तो बाईंकडे बघत राहिला.

सिस्टर दारात परत आल्या होत्या. "डॉक्टर येतायत. मॅडम, ती काट राहू द्यायची ना?"

"थांबा," बाई पानावरून नजर न काढता म्हणाल्या. "यांचं अजून सुरू व्हायचंय."