घरच्यांसाठी वेगळी प्रत

गायिकेचा मागचा अल्बम बाजारात यायच्या आधीच जगभर झाला होता. लोकांनी तो फुकटात ऐकला, फुकटात नावं ठेवली, आणि प्रकाशनाच्या दिवशी पहिल्या रांगेत फक्त पुष्पगुच्छ बसले होते. कुणी फोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तोवर तो फक्त घरच्या माणसांनी ऐकलेला होता, तेव्हा कळलं नाही तेच बरं, असं सगळ्यांचं मत पडलं. एक गायिका सोडून.

तिचा संशय धाकट्या भावावर होता. तो तिच्याच कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवायचा आणि उरलेला वेळ मित्रांना वाहिलेला होता. "मी नाही गं ताई," असं तो म्हणाला होता. पण लहानपणी फुटक्या कपाचा कान हातात धरूनही तो हेच म्हणायचा.

म्हणून नवा अल्बम तयार झाल्यावर तिने साउंडवाल्याला बाजूला घेतलं.

"घरच्या प्रत्येकाच्या प्रतीत एकेक आवाज वेगळा टाक. अल्बम फुटला की कुणाकडून फुटला ते कळेल."

"केवढा आवाज, मॅडम?"

"तुझं तू बघ. मला सांगू नकोस, माझ्या तोंडावर दिसतं. आणि भावाची प्रत निघाली, तर दौऱ्यावर त्याच्या जागी दुसरा. सख्खा असला तरी."

साउंडवाल्याचा जन्म लोकांचे खोकले आणि खुर्च्यांची करकर गाण्यांतून पुसण्यात गेला होता. आता तेच घालायला सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर तुरुंगातून सुटल्याचं समाधान पसरलं.

प्रती फोनवर चौघांना गेल्या. नवरा, भाऊ, घरचाच झालेला मॅनेजर आणि सासूबाई. सासूबाईंना आपला मान राखायचा म्हणून. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या होत्या, आणि "आईला हल्ली ऐकू येत नाही," असं त्यांचा मुलगा त्यांच्यादेखत, त्यांना व्यवस्थित ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा.

अभिप्राय ताबडतोब आले. नवरा म्हणाला, "तिसऱ्या गाण्याला डोळ्यांत पाणी आलं." तिसरं गाणं तिने त्याच्यावरच लिहिलं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, आग आहे आग." मॅनेजर म्हणाला, "मॅडम, रेडिओवाले रांग लावतील." सासूबाई म्हणाल्या, "छान आहे," आणि जरा थांबून, "तुझी सर्दी कशी आहे?"

"मला कुठे सर्दी आहे, आई?"

"बरं," असं म्हणून सासूबाईंनी तिच्याकडे, आणि मग स्वतःकडेच, संशयाने पाहिलं.

त्याच आठवड्यात अल्बम फुटला. या वेळी मात्र लोकांना तो आवडला. विशेषतः सातवं गाणं. त्यात शेवटच्या कडव्याआधी कुणीतरी सणसणीत शिंकत होतं. एका समीक्षकाने लिहिलं की, ही शिंक म्हणजे आजच्या माणसाच्या एकटेपणाचा हुंकार आहे. दुसऱ्याने लिहिलं की हुंकार नव्हे, नकार आहे. दोघांचं वाजलं, आणि त्या भांडणात अल्बम आणखी चालला. कंपनीने कळवलं, शिंक काढू नका. गायिकेला त्यातलं काही सुचत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, शिंक कुणाची.

तिने चौघांना स्टुडिओत बोलावलं. भाऊ येतानाच निरोप घेतल्यासारखा सगळ्यांशी गोड बोलत होता.

"शिंक सासूबाईंच्या प्रतीतली," साउंडवाला म्हणाला.

"शक्य नाही," नवरा म्हणाला. "आईला आलेला फोन उचलता येत नाही, ती पाठवणार कशी?"

"पाठवता येतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. शिंक त्यांनी पहिल्याच वेळी ऐकली होती. पण सुनेच्या अल्बमात शिंक कशी असेल? आणि नसेल, तर आपले कान गेले हे खरंच. म्हणून खात्री करायला त्यांनी सातवं गाणं टेलिफोन खात्यातल्या जुन्या मैत्रिणींना पाठवलं. एकीने सातवं कुठलं ते कळत नाही म्हटलं, तेव्हा सगळाच अल्बम पाठवला. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देणाऱ्या बायका त्या. त्यांनी पुढे जोडून दिलं.

"मलाच विचारायचं ना, आई."

"कसं विचारू? गाणं तुझं, नाक तुझं. तू म्हणालीस सर्दी नाही. मला वाटलं, लपवतेयस. मागच्या वेळचं मात्र माझं नाही. तेव्हा मला प्रतच दिली नव्हतीस."

भावाचा सुटलेला निःश्वास अर्ध्यातच अडकला.

"पण यांना कुणालाच कशी शिंक ऐकू आली नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"यांच्या प्रतींत शिंक नव्हती," साउंडवाला म्हणाला. "दुसरं होतं."

"काय होतं?" गायिकेने विचारलं. साउंडवाल्याने तिघांकडे पाहिलं. तिघांनी भिंतीकडे पाहिलं. त्याने बटण दाबलं.

मॅनेजरच्या पहिल्या गाण्यात ट्रक पीं पीं करत मागे येत होता, चांगला दोन ओळी. भावाने स्वतः वाजवलेल्या तुकड्यात दारावरची बेल वाजत होती.

"ऐकली होती मी," भाऊ म्हणाला. "मला वाटलं, मीच वाजवलीय."

मग नवऱ्याची प्रत. तिसरं गाणं सुरू झालं. गायिका अगदी हळुवार म्हणत होती, तुझ्याशिवाय या घराला दार नाही. त्यावर एका पुरुषाने खणखणीत आवाजात विचारलं, "पांढरी गाडी कुणाची आहे? जरा मागे घ्या."

सगळे नवऱ्याकडे वळले.

"मला वाटलं, नवीन पद्धत आहे," नवरा म्हणाला.

"डोळ्यांत पाणी कुठल्या ओळीला आलं?"

नवऱ्याने विचार करायला वेळ घेतला, तोच पुरेसा होता.

"दौऱ्याला तू येतोयस," ती भावाला म्हणाली. "या वेळी चोर नसलास तरी तालमी वाढवाव्या लागतील." मग बाकीच्यांना म्हणाली, "तुम्ही चहा घेऊन या." सासूबाई जाताना मुलाला म्हणाल्या, "कान दाखवून घे बाबा."

खोलीत दोघंच उरले. तिने तिसऱ्या गाण्याची निखळ प्रत लावली आणि त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली. गाण्याकडे तिचं लक्ष नव्हतं, त्याच्या तोंडाकडे होतं. त्याचंही गाण्याकडे नव्हतं. कुठून कोण काय बोलतंय, कुठली बेल वाजतेय, या धाकात तो कान टवकारून बसला होता. गाणं संपलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"यात काहीच नाहीये," तो चाचरत म्हणाला.

"नाहीये."

"नक्की?"

"नक्की."

त्याने सुस्कारा सोडला. "मग परत लाव. शब्द काय आहेत, ते राहूनच गेलं."