सीलबंद बाटली

गुजरातेत दारूबंदी आहे, एवढ्या एका गोष्टीवर भुलून रंजनाने नवऱ्याला दोंडाईच्याहून सुरतेला आणलं. चौऱ्याण्णवच्या प्लेगला भिऊन मजूर पळाले होते, यंत्रमागाच्या कारखान्यांना माणसं हवीच होती. गावी भिकन परमिट रूममधून उठायचाच नाही. बार नाही तर दारू नाही, असं बाईचं साधं गणित. सुरतेच्या लिंबायत वस्तीतल्या खोलीत पाऊल ठेवताच तिने सप्तशृंगीला नारळ फोडला. देवीलाही हसू आलं असेल.

बार नव्हता, पण चार घरं सोडून कलाबाई होती. तिच्याकडे प्लॅस्टिकच्या थैलीत दारू मिळे, आणि तीत काय कालवलेलं असे ते तिलाही ठाऊक नसावं. आगीतून फुफाट्यात! भिकनच्या शेजारच्या मागावरचा रामदास तीच थैली पिऊन आंधळा झाला. दवाखान्यात नेलं, तरी नजर परत आली नाही.

रंजना रडली, भांडली, शेवटी हरली.

"तुले पेवानीच शे ना, मंग सीलबंद पे. आइतवारले मी लई जासू नवापूरले. पन कलाबाईना घर जाऊ नको."

नवापूर हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात. तिथे बारच बार. दगडापेक्षा वीट मऊ. भिकनने आपल्या लहान पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

ज्या बारमधून नवऱ्याला ओढून काढलं, तसल्याच बारमध्ये त्याला आपणच घेऊन निघालोय, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.  रविवारी गाडीत भिकन डोकं दुखतंय म्हणाला आणि डोळे मिटून बसला. उतरताना त्याने तिचा खांदा धरला.

बारवाल्याने भर दुपारी रात्र करून ठेवली होती. खिडक्यांना काळे पडदे, टेबलाटेबलावर लाल बल्ब, मोठ्याने गाणी. बाई ती एकटीच. पदर डोक्यावर ओढून तिने बाटलीचं सील नखाने तपासलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"रंजना, लाइट गयी का व?" भिकनने विचारलं.

तिने पाहिलं. बल्ब त्याच्या तोंडासमोर जळत होता.

"काल कलाबाईना घर गयथा का तू?"

"एकच थैली लिन्ही," तो ओशाळून म्हणाला.

रंजनाचं काळीज फाटलं. तिने त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला; पापणी लवली नाही.

"सांग ना, लाइट गयी का?"

"हा," ती म्हणाली, "गयी."

मग सील तोडून तिने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने त्याचा ग्लास भरला.